ओडिनला कोणती मराठी द्यायची?

एका अमेरिकी चित्रपटाच्या नायकाच्या, ओडिनच्या तोंडी मी आधी घातलेली मराठी चुकीची होती. शब्दांचे अर्थ बरोबर होते, टायमिंग बरोबर होतं, तरीही ती चुकीची होती. सांगलीच्या एका दुसऱ्या वर्षाच्या मुलानं ते मला एका वाक्यात दाखवून दिलं. त्यानंतर मी दीड तासाच्या चित्रपटाची सबटायटल्स जवळजवळ पहिल्यापासून पुन्हा लिहिली. हे कसं घडलं ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटतं, कारण वीस वर्षं या कामात असूनही मला ते आधी दिसलं नव्हतं.

सांगली माझं माहेर. कॉलेजात ज्यांनी मला पहिल्यांदा एकांकिकेत उभं केलं, त्या सरांचा गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर फोन आला. दहा दिवसांची नाट्यकार्यशाळा, कॉलेजची पंचवीसएक मुलंमुली, आणि विषय एकच: शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो'. आमच्याकडे हे नाटक परकं नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ते १८६७ मध्येच मराठीत आणलं होतं. १८९० मध्ये देवलांनी त्याचं 'झुंझारराव' केलं, आणि देवल तर आमच्या हरिपूरचे. सरांना मुलांना देवलांपासून सुरुवात करून थेट अमेरिकेतल्या एका शाळेपर्यंत न्यायचं होतं. ती शाळा २००१ सालच्या 'ओ' या चित्रपटातली. "इंग्रजी सबटायटल्स आहेत गं, पण त्या पोरांचं बोलणं मलाच धड कळत नाही. तू मराठी करून दे, आपल्या वर्गापुरतं." पुण्यात माझं पोट याच कामावर चालतं. मी लगेच हो म्हटलं आणि तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली.

चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक टिम ब्लेक नेल्सन. व्हेनिसच्या जागी अमेरिकेच्या दक्षिणेतली श्रीमंतांची निवासी शाळा, सैन्याच्या जागी बास्केटबॉलचा संघ. ऑथेल्लो म्हणजे ओडिन जेम्स, संघातला सगळ्यात मोठा खेळाडू आणि अख्ख्या शाळेतला एकटा काळा विद्यार्थी. इयागो म्हणजे ह्यूगो, संघाच्या कोचचा मुलगा. डेस्डेमोनाची झाली डेझी, डीनची मुलगी. रुमालाच्या जागी ओडिनच्या घरातून आलेला स्कार्फ. ह्यूगो ओडिनच्या मनात डेझी आणि संघातल्या माइकबद्दल संशय भरवतो, स्कार्फ पुरावा म्हणून फिरतो, ओडिन डेझीचा गळा दाबतो आणि शेवटी सगळ्यांसमोर स्वतःवर गोळी झाडतो. नाटकाचा सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा आहे.

पहिला आठवडा नुसता ऐकण्यात गेला. आधी बोलणं कुठे सुरू होतं, कुठे थांबतं याची नोंद करायची, मग मजकूर. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, एका ओळीत फार तर ४२ कॅरेक्टर. सॉफ्टवेअर आपल्या वेलांट्या आणि काने वेगळे मोजतं, म्हणजे 'कि' हे दोन आणि 'स्त्री' सहा. वर्तमानपत्रं वापरतात तो 'कृष्णवर्णीय आफ्रिकी-अमेरिकी' हा शब्दसमूहच अर्ध्याहून जास्त ओळ खातो. अशी काटकसर करायची सवय असते आम्हाला, आणि त्या सवयीतच बरेच निर्णय नकळत होऊन जातात.

नावापासूनच अडचण होती. शाळेत सगळे ओडिनला 'ओ' म्हणतात. आपल्याकडे 'ओ' म्हणजे कुणी हाक मारली की द्यायचा तो. पडद्यावर नुसतं 'ओ!' आलं तर हाक कुठली आणि ओ कुठला हेच कळेना, म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण 'ओडिन' लिहिलं. त्यात एक गोष्ट हरवली. ओडिन जेम्स या नावाची इंग्रजी आद्याक्षरं ओ. जे. होतात. गोऱ्या घटस्फोटित बायकोच्या खुनाचा आरोप असलेला काळा फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन १९९५ मध्ये निर्दोष सुटला, तेव्हा अमेरिका त्या निकालावरून उभी दुभंगली होती. २००१ च्या अमेरिकी प्रेक्षकाला ती दोन अक्षरं ऐकू येतातच. म्हणजे हा मुलगा पडद्यावर यायच्या आधीच प्रेक्षकाला त्याचा शेवट ठाऊक असल्यासारखा असतो. देवनागरीत हे आणता येईना. ते मी सरांना वेगळं लिहून कळवलं, मुलांना तोंडी सांगा म्हणून.

'गोरा' या शब्दानंही असंच अडवलं. एका प्रसंगात ह्यूगो ओडिनला सांगतो की गोऱ्या मुलींवर विश्वास ठेवू नकोस, त्या वरून लाजऱ्या दिसतात पण सापासारख्या असतात. मी लिहिलं, 'गोऱ्या मुली सापासारख्या असतात.' दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा लक्षात आलं की मराठी कानाला याचा अर्थ वेगळाच लागतो. आपल्याकडे गोरी मुलगी म्हणजे लग्नाच्या जाहिरातीतली, 'गोरी, सुस्वरूप'. सांगलीच्या मुलाला वाटेल, ह्यूगो देखण्या मुलींबद्दल बोलतोय. म्हणून 'या गोऱ्यांच्या पोरी' केलं. आता त्यात दोन जमाती दिसायला लागल्या, आणि त्यातल्या एकीतला ह्यूगो 'मी तुझ्या बाजूचा' असं दाखवत आपल्याच जमातीबद्दल बोलतोय हेही दिसायला लागलं. ह्यूगो अख्ख्या चित्रपटात असाच बोलतो. स्वतः कधी आरडाओरडा करून कुणाचा रंग काढत नाही. नाटकात इयागो पहिल्याच प्रवेशात डेस्डेमोनाच्या बापाला मध्यरात्री उठवून म्हातारा काळा मेंढा तुझ्या पांढऱ्या मेंढीवर चढलाय असं ओरडून सांगतो. ह्यूगोला तशी गरज पडत नाही. तो दुसऱ्यांच्या तोंडून बोलतो.

आणि मग तो शब्द आला. 'न'नं सुरू होणारी, काळ्या माणसांना दिली जाणारी ती शिवी. चित्रपटात ती वेगवेगळ्या तोंडी येते आणि प्रत्येक वेळी वेगळी असते. ओडिन डेझीला प्रेमानं, चेष्टेत सांगतो की हा शब्द मी वापरू शकतो, तू नाही. पुढे ह्यूगो ओडिनला सांगतो की डेझी आणि माइक तुझ्या पाठीमागे तुला याच शब्दानं हाक मारतात. हे खोटं आहे. पण ओडिनचा तोल जातो तो इथून. स्कार्फच्या आधी या शब्दानं काम केलेलं असतं.

मराठीत काय लिहायचं? 'काळ्या' लिहून पाहिलं. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत, प्रत्येक वर्गात एक काळ्या असतो. ती हाक दुखवते, पण तिच्यामागे लिलावाचा चौथरा नाही, झाडाला टांगलेली प्रेतं नाहीत. 'निग्रो' आमच्या लहानपणी पाठ्यपुस्तकात सर्रास असायचा, आम्ही तो परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. तोही शिवी म्हणून उभा राहत नाही. मग 'हबशी'वर मी दोन दिवस रेंगाळले. शब्द आपला आहे, जुना आहे, हेटाळणीसाठीही वापरला जातो. पण हबशी म्हटलं की मला मलिक अंबर दिसतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झालेला, १६१० मध्ये खडकी वसवणारा, मोगलांना वर्षानुवर्षं दमवणारा. शेक्सपिअरचा ऑथेल्लो १६०४ मध्ये लंडनच्या दरबारात रंगला, तेव्हा आपल्या दख्खनमध्ये एक आफ्रिकी सेनापती परक्या राज्याची सेना खरोखरच चालवत होता. 'हबशी' हा शब्द ऑथेल्लोला शोभला असता. ओडिनला मारायची शिवी म्हणून तो मला वापरवेना.

मराठीत त्या ताकदीचे शब्द आहेत, ते जातीवरून दिलेल्या शिव्यांचे. कोणते ते सगळ्यांना माहीत आहे. सरांनीही फोनवर तसं सुचवलं, 'ओंकारा'त विशाल भारद्वाजनं रंगाच्या जागी जात आणली ती चाललीच ना? पण 'ओंकारा'नं अख्खी गोष्टच उत्तर प्रदेशात नेली होती. इथे माणसं अमेरिकेतली, शाळा अमेरिकेतली, आणि खाली ओळ मात्र आपल्या गावच्या शिवीची. वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाला आयुष्यात ज्या शब्दानं मारलंय तो शब्द मी अंधारात त्याच्या समोर मोठ्या अक्षरात लिहायचा, आणि तोही दुसऱ्याच कुणाची वेदना समजावून सांगण्यासाठी? मला ते जमणार नाही, असं मी सरांना स्पष्ट सांगितलं. शेवटी मूळ शब्दच देवनागरीत ठेवला आणि ठरवलं की चित्रपट सुरू होण्याआधी दहा मिनिटं मी त्या शब्दाबद्दल बोलेन. सबटायटल करणाऱ्यासाठी ही हारच आहे. पण प्रत्येक शब्दाला आपल्याकडे जोडीदार असतोच असं नाही.

या शब्दात माझे आठ-नऊ दिवस गेले. आणि मी इतकी त्या एका शब्दात अडकले होते की बाकीचं भराभर उरकत गेले. खरी चूक तिथे झाली.

ओडिनची भाषा शाळेतल्या इतर मुलांसारखी नाही. त्याला खेळासाठी बाहेरून आणलंय, त्याच्या इंग्रजीत काळ्या वस्तीतली वळणं आहेत. मी विचार केला, प्रमाण मराठीत हे सपाट होईल. म्हणून त्याला बोली दिली. सांगलीच्याच मुलांना दाखवायचंय तर आपल्याच भागातली: 'न्हाई', 'काय रं', 'म्या सांगतो'. ह्यूगो, माइक, डेझी यांना स्वच्छ शहरी मराठी. ह्यूगोचं निवेदन तर मी फारच प्रेमानं केलं. चित्रपट सुरू होतो तो पांढऱ्या कबुतरांवर, मागे व्हर्दीच्या ऑपेरातली डेस्डेमोनाची प्रार्थना, आणि त्यावर ह्यूगोचा आवाज, मला नेहमी उडावंसं वाटायचं असं सांगणारा. अशी वाक्यं मराठीत आणायला मिळाली की हात सुटतो. मी त्यांना लय दिली, शब्द तोलून घातले. तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमान वाटला होता.

कार्यशाळेच्या चौथ्या दिवशी आम्ही मधले तीन-चार प्रसंग मुलांना चाचणी म्हणून दाखवले. त्यात जेवणाच्या टेबलावरचा एक प्रसंग होता. ह्यूगो बापाला शाळेतल्या मार्कांबद्दल सांगायला बघतो आणि कोच बोलतो फक्त ओडिनबद्दल: तो इथे एकटा आहे, त्याला आपणच, तुझी मला कधी काळजी नसते. त्याआधी समारंभात याच बापानं ओडिनला मुलासारखा म्हटलेलं असतं. दिवे लागल्यावर पुढच्या रांगेतून पहिला शब्द आला तो "बिचारा ह्यूगो." दोन-तीन मुलींनी माना हलवल्या. बापानं असं केल्यावर पोरगं बिघडणारच, असं सुरू झालं. मी ऐकत होते. मग मागच्या बाकावरून, मिरज तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीनं येणारा मुलगा बोलला. पहिले तीन दिवस तो फारसा बोलला नव्हता. म्हणाला, "ताई, त्यो काळा पोरगा आमच्यागत बोलतोय. आन् खून बी त्योच करणार व्हय?"

वर्गात कुणी हसलं नाही. मला उत्तर सुचलं नाही, आणि मी ते तसंच सांगितलं.

त्या रात्री माहेरच्या माजघरात लॅपटॉप घेऊन बसले आणि फाईल पहिल्यापासून वाचली. त्याचं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं होतं. माझ्या सबटायटल्समध्ये एकच माणूस गावाकडचं बोलत होता, आणि तोच नशा करत होता, तोच डेझीला मारत होता. खलनायक मात्र सुसंस्कृत मराठी बोलत होता, आणि मुलांना त्याचीच दया आली होती. आपल्या नाटक-सिनेमात बोली कुणाच्या तोंडी देतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. गडी, मोलकरीण, गुंड, विनोदी पात्र. मी स्वतः कॉलेजात मोलकरणीची भूमिका मिळाली तेव्हा आजीची बोली वापरली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. तीच सवय इथे कामाला आली होती. ओडिनला वेगळा दाखवण्याच्या नादात शाळा त्याच्याकडे जसं बघते तसंच मीही बघितलं होतं.

मग चित्रपटाकडेही वेगळ्या नजरेनं बघायला लागले. माझी चूक माझीच, पण चित्रपटाचा झोकही त्याच दिशेला आहे असं मला आता ठामपणे वाटतं. मूळ नाटकातही इयागोच्या ओळी ऑथेल्लोपेक्षा जास्त आहेत, तो प्रेक्षकांशी थेट बोलतो, हे खरं. पण इयागो का करतो हे नाटक सांगत नाही. बढती हुकली म्हणतो, बायकोवर संशय म्हणतो, एकही कारण पुरत नाही. इंग्रजी कवी कोलरिजनं त्याला हेतूविना दुष्टावा म्हटलं ते त्यामुळेच. शेवटी विचारलं तर इयागो म्हणतो, यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही. ह्यूगोही शेवटी तसंच म्हणतो, पण तोवर चित्रपटानं त्याच्या वतीनं सगळं सांगून टाकलेलं असतं: दुर्लक्ष करणारा बाप, ताकदीसाठी चोरून घेतलेली स्टिरॉइड्स, वेळोवेळी आतून आलेला आवाज. गोऱ्या खलनायकाला मन मिळतं. काळ्या नायकाला उरतो तो संताप. बॅकबोर्ड फोडणारा, नशेत गुरगुरणारा, दात आवळणारा ओडिन आपण सतत बाहेरून बघतो. त्याच्या मनात आपल्याला फार थोड्या वेळा नेलं जातं.

यात एक गोष्ट सगळ्यात जास्त बोचली. चित्रपटाच्या सुरुवातीला ह्यूगो रॉजर नावाच्या मुलाला पुढे करून डीनपर्यंत बातमी पोचवतो की ओडिननं डेझीवर बळजबरी केली. ते धडधडीत खोटं असतं. डेझी सांगते, मी त्याच्यावर प्रेम करते. काळा पुरुष आणि गोऱ्या बाईवरची बळजबरी हा अमेरिकेतला जुना, रक्तानं भिजलेला आरोप आहे. त्याच आरोपाखाली दक्षिणेत किती काळ्या माणसांना जमावानं ठार केलं. तिथे हे खोटं आहे असं दाखवणं धाडसाचं होतं. पण पुढे मोटेलच्या खोलीत दोघं एकत्र असताना ओडिनला आरशात माइक दिसतो, डेझी थांब म्हणते, आणि तो थांबत नाही. म्हणजे खलनायकानं रचलेलं खोटं चित्रपट स्वतःच्या हातानं खरं करून दाखवतो. शेक्सपिअरमध्ये हा प्रसंग नाही. तो इथे मुद्दाम घातलाय. मी त्या प्रसंगाची सबटायटल्स पाच-सहा वेळा तपासली. शब्द मोजके आहेत, एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. 'थांब' हा एक शब्द किती वेळ पडद्यावर ठेवायचा एवढाच निर्णय माझ्या हातात होता. तिच्या आवाजापेक्षा तो थोडा जास्त वेळ ठेवला. नियमात बसत नाही, तरी ठेवला. सरांशी बोलून हा प्रसंग येण्याआधी मुलांना कल्पना द्यायची आणि ज्यांना बाहेर जायचंय त्यांना जाऊ द्यायचं, असंही ठरवलं.

चित्रपटाच्या नशिबी आलेली गोष्टही मुलांना सांगायला हवी होती, ती मी पुढच्या दिवशी सांगितली. 'ओ' तयार होत आला तेव्हाच, २० एप्रिल १९९९ ला, कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक त्या दिवशी मारले गेले. मारणारी मुलं गोरी, मध्यमवर्गीय घरांतली. शाळेत पिस्तूल घेतलेला गोरा मुलगा दाखवणारा चित्रपट मग दोन वर्षांहून जास्त अडकून पडला आणि ३१ ऑगस्ट २००१ ला दुसऱ्याच वितरकामार्फत आला. तोवर त्याच्याबद्दलची चर्चा शाळांतल्या हिंसेची झाली होती. रंगाचा प्रश्न मागे गेला. आणखी एक: चित्रीकरण साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला झालं. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं अमेरिकेतलं सर्वांत मोठं बंदर ते. तिथल्याच समुद्रातल्या किल्ल्यावर १८६१ मध्ये यादवीच्या पहिल्या तोफा सुटल्या. चित्रीकरण चालू होतं तेव्हा त्या राज्याच्या विधानभवनाच्या घुमटावर गुलामगिरीसाठी लढलेल्या पक्षाचा झेंडा अजून फडकत होता, तो २००० च्या जुलैत उतरला. पडद्यावर मात्र आपल्याला दिसतं जुन्या झाडांचं देखणं आवार. मुलं यावर बराच वेळ गप्प होती. नंतर एकीनं विचारलं की ऑथेल्लोचं काम काळ्या माणसानं कधीपासून केलं. मी आयरा ऑल्ड्रिजचं सांगितलं, १८३३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनला उभा राहिलेला, आणि १९४३ चा ब्रॉडवेवरचा पॉल रोबसन, ज्याचे २९६ प्रयोग झाले. तिनं दोन्ही नावं वहीत लिहून घेतली.

फाईल दुरुस्त करायला माझ्याकडे चार रात्री होत्या. पहिला निर्णय सोपा: संघातली सगळी मुलं एकच भाषा बोलतील. ओडिनही तीच, कारण तो त्या शाळेत त्यांच्यासारखाच, बहुतेकदा त्यांच्याहून नीट बोलतो. मित्राला मारायच्या हाकेसाठी आमच्या भागातली पोरं म्हणतात तो 'भावा' घेतला. ह्यूगो ओडिनला ज्या ज्या वेळी भाऊ म्हणतो तिथे 'भावा' लिहिलं, आणि नाटकात सगळे ज्याला वारंवार प्रामाणिक म्हणतात त्या इयागोचा गोडवा आपोआप त्यात उतरला. 'भावा, मी तुला फसवीन का?' हे वाक्य वाचताना मुलं नंतर खरोखर शहारली. ह्यूगोच्या निवेदनातली सजावट मी उतरवली. बापाच्या प्रसंगात हात लावला नाही. त्याचं दुःख खोटं नाही, ते दुःख लपवायचंही नव्हतं. फक्त त्याला माझ्याकडून वेगळी दाद मिळू नये एवढं पाहिलं.

ओडिनचं शेवटचं भाषण मात्र अडलं. डेझी मेलेली, ह्यूगोचा डाव उघडा पडलेला, पोलीस आलेले. ऑथेल्लो मरताना म्हणतो, माझ्याबद्दल सांगाल तेव्हा मी आहे तसं सांगा, काही झाकू नका, द्वेषानं काही वाढवू नका. आणि मग स्वतःची तुलना करतो मोलाचा मोती फेकून देणाऱ्या एका अडाणी माणसाशी. नाटकाच्या १६२२ च्या छापील प्रतीत तो माणूस 'इंडियन' आहे, १६२३ च्या प्रतीत 'ज्युडियन', म्हणजे ज्यू. विद्वान अजून वाद घालतात. ओडिन कुणाशी तुलना करत नाही. तो सांगतो, माझी आई नशेबाज नव्हती, मी कुठल्या टोळीत नव्हतो, मला बुडवलं ते या शाळेतल्या या गोऱ्या पोरानं. आणि लोकांना सांगा, मी जिथून आलो त्यामुळे हे झालेलं नाही. चित्रपटानं त्याला नशेत दाखवलंय, बळजबरी करताना दाखवलंय, आणि आता शेवटच्या दोन मिनिटांत त्यालाच हे सगळं एकट्यानं खोडून काढायला लावलंय. मला वाटतं हे त्या मुलावर फार मोठं ओझं टाकणं आहे. पण ओडिनचं काम करणारा फायफर ते भाषण असं करतो की पडद्यावरून डोळा हलत नाही.

माझी ओळ होती: 'मी जिथून आलो त्यामुळे हे झालं नाही.' बरोबर आहे, पण पत्रकार परिषदेतल्यासारखी. मी ती त्या खेड्यातून येणाऱ्या मुलाला दाखवली आणि विचारलं, तू असतास तर कसं म्हणाला असतास? त्यानं थोडा वेळ घेतला. मग वहीत लिहिलं, 'मी जिथनं आलोय, तिथल्यानं हे केलं न्हाई. तेवढं सांगा.' मी म्हटलं, बोली तर आपण काढून टाकली ना? तो म्हणाला, "आता काढायची न्हाई, ताई. आता त्यो गावाचंच नाव घेतोय." ओळ जशीच्या तशी घेतली. अख्ख्या चित्रपटात बोलीतलं हे एकच वाक्य आहे.

राहता राहिला शेवटचा अर्धा मिनिट. ह्यूगोला पोलीस गाडीत बसवतात आणि पुन्हा त्याचा आवाज. ससाण्याबद्दल बोलतो. ससाणा साध्या पाखरांत बसत नाही, इतर पाखरांना त्याच्यासारखं व्हायचं असतं म्हणून ती त्याचा द्वेष करतात. मग एकामागून एक विशेषणं: ताकदवान, निश्चयी, आणि शेवटचं इंग्रजीत 'डार्क'. ओडिन म्हणजे तो ससाणा. एक दिवस सगळे माझ्याकडे बघतील, मीही उडेन. हे ऐकताना मला तो नाटकातला काळा मेंढा आठवला, बर्बर देशचा घोडा आठवला. इयागो शिवी देताना ऑथेल्लोला जनावर करतो. ह्यूगो कौतुक करताना ओडिनला पक्षी करतो. ज्याला त्यानं मारायला आणि मरायला लावलं, त्याच्याबद्दल शेवटचा शब्दही त्याचाच, आणि त्या शब्दातही रंग आहेच.

पहिल्या खेपेला मी 'काळाभोर' लिहिलं होतं. डोळ्यांसाठी, केसांसाठी, पावसाळी ढगांसाठी आपण वापरतो तो शब्द. वाचणाऱ्याला तो सुंदर वाटतो, आणि ह्यूगो सुंदर वाटतो. 'काळाकभिन्न' लिहून पाहिलं, तर तो एकदम राक्षसाचं वर्णन करायला लागला. ह्यूगो तसं बोलणार नाही, त्याला आपण द्वेष करतो हे कबूलच नाही. 'सावळा'वर तर विठ्ठलाचा हक्क. 'गडद' पाखराला चालतो, माणसाला नाही. मला असा शब्द हवा होता जो पाखरालाही लागेल आणि वर्गातल्या कुणालाही, आणि ज्यात प्रेम किती आणि तिरस्कार किती हे वाचणाऱ्यानं स्वतः ठरवावं. पहाटे साडेचारला, आई दूध तापवायला उठली तेव्हा, मी चारही शब्द खोडले आणि नुसतं लिहिलं: 'ताकदवान. निश्चयी. काळा.'

वेळ तपासली, दोन सेकंद पुरत होते. फाईल सेव्ह केली आणि सरांना पाठवली.